ओआरएसच्या पुडीत साखर कशाला?

ओआरएसमधली साखर ताकदीसाठी असते, असा समज घरोघरी आहे. जुलाबाने माणूस गळून जातो, साखरेने तरतरी येते, असा त्यामागचा हिशेब. पण लिटरभर ओआरएसमधल्या 13.5 ग्रॅम ग्लुकोजमधून जेमतेम 54 कॅलरी मिळतात. तेवढ्या एका पोळीतही मिळतात, उलट जास्तच. साखरेला तिथे हमालीचं काम आहे: मिठाला आतड्याच्या भिंतीतून आत न्यायचं. ही हमाली कशी चालते हे 1960 साली उमगलं. त्या ज्ञानाने हजारो माणसं वाचल्याचं दिसायला मात्र आणखी अकरा वर्षं आणि एक युद्ध जावं लागलं.

आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो. आतड्यात मात्र नऊ लिटरच्या आसपास द्रव उतरतो, कारण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून सातेक लिटरची भर पडते. यातला बहुतेक सगळा लहान आतडं परत ओढून घेतं, उरलेला मोठं आतडं. शौचावाटे जातं ते 100 ते 200 मिलीलिटर. पाण्याला आत शिरायला स्वतःचा पंप नसतो. मीठ जिकडे जाईल तिकडे ते मागोमाग जातं. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू नेमकं इथेच बिघडवतात. त्यांचं विष आतड्याच्या पेशींतून क्लोराइड (मिठाचा एक घटक) बाहेर ओतायला लावतं आणि मीठ आत घेण्याची नेहमीची एक वाट बंद पाडतं. मीठ बाहेर, म्हणून पाणीही बाहेर. आजार तीव्र असेल तर तासाला लिटरभर.

माणूस मरतो तो या पाण्यामिठाच्या तुटवड्याने, हे 1831 च्या अखेरीस डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी इंग्लंडमधल्या रुग्णांचं रक्त तपासून दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ गावी डॉ. थॉमस लॅटा यांनी शिरेतून मिठाचं पाणी देऊन पाहिलं आणि मरणाच्या दारातली काही माणसं उठून बसली. त्यानंतर हा उपाय अनेक दशकं बाजूला पडला. रक्त काढणं, पाऱ्याची औषधं देणं, तोंडाने काही न देता 'आतड्याला विश्रांती' देणं हेच चालू राहिलं. आपल्याकडे गावोगावी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला जात होता, आणि खरं सांगायचं तर तेव्हाचे डॉक्टर त्याहून फार सरस काही करत होते असं नाही.

तोंडाने न देण्यामागे एक चुकीचा सिद्धांत होता: पटकीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं, मग शोषणार काय? 1959 साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यात जंतू नव्हे, तर जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला. तेवढ्यानेही आतड्यात पाणी साठलं. म्हणजे दोष विषाचा होता. त्याच सुमारास बँकॉकच्या रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले गेले आणि अस्तर शाबूत निघालं.

ऑगस्ट 1960 मध्ये प्रागच्या एका परिषदेत जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी पेशीच्या भिंतीवरची एक जोडवाट मांडली. ग्लुकोज एकटं आत जात नाही, त्याला मिठातलं सोडियम सोबत लागतं. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम, हे प्रमाण पुढे ठरलं. महत्त्वाचं म्हणजे पटकीचं विष या जोडवाटेला हात लावत नाही. एक दार बंद झालं तरी हे उघडं राहतं, फक्त त्याला साखर आणि मीठ एकत्र लागतं. नुसतं मीठपाणी पाजलं तर जुलाब वाढतात, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. कारण आता कळलं. पण क्रेन यांचं वाचणारे वेगळे आणि पटकीच्या वॉर्डात उभे राहणारे वेगळे.

रॉबर्ट फिलिप्स या अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी मनिलात ग्लुकोज घातलेलं मीठपाणी दिलं आणि ते शोषलं जातं हे पाहिलं. पण पुढच्या प्रयोगात द्रावण फार तीव्र झालं, काही रुग्ण दगावले, आणि त्यांनी हात आखडता घेतला. 1968 साली ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी गणित नीट जमवलं. त्यांचं साधन अगदी साधं होतं: मधोमध भोक पाडलेली कॅनव्हासची खाट आणि तिच्याखाली खुणा केलेली बादली. बादलीत जितकं पडेल तितकं मोजून पाजायचं. यामुळे शिरेतल्या सलाइनची गरज सुमारे 80 टक्क्यांनी घटली.

तरीही हे प्रयोगशाळेजवळच्या, प्रशिक्षित हातांचं काम मानलं जाई. 1971 च्या बांगलादेश मुक्तियुद्धात पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि पश्चिम बंगालच्या सीमेजवळच्या बनगावच्या सरकारी रुग्णालयात पटकीचे रुग्ण जमिनीवर पडले. दोन खोल्या, खाली विष्ठा आणि उलटी, त्यातच गुडघे टेकून सुई लावायची. सलाइन संपत चाललेलं आणि डॉ. दिलीप महालनबीस यांच्या पथकात शिरेतून द्रव देऊ शकणारे दोघेच. त्यांनी कोलकात्यातल्या आपल्या केंद्राच्या ग्रंथालयात पुड्या भरायला घेतल्या. लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लास्टिकची पिशवी इस्त्रीने चिकटवायची. खाली नळ लावलेल्या पिंपात द्रावण ठेवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, पेल्याने भरून पाजत राहा. आधी मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं. नर्स नव्हे, आई आणि भाऊ पाजत होते. माझ्या मते खरा शोध इथे लागला. महालनबीस 2022 मध्ये गेले. मरणोत्तर पद्मविभूषण 2023 मध्ये मिळालं.

पुढचे बदल रसायनाचे. दमट हवेत सोडा आणि ग्लुकोज एकत्र टिकत नसत, म्हणून सोड्याऐवजी सायट्रेट आलं. 2002 मध्ये ग्लुकोज आणि मीठ दोन्ही कमी केलं, कारण जुनं द्रावण रक्तापेक्षा किंचित तीव्र होतं. द्रावण तीव्र असेल तर पाणी उलट दिशेने, शरीरातून आतड्यात ओढलं जातं. सध्याचं प्रमाण लिटरला असं: ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम, एकूण 20.5.

पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. इथे ग्लुकोजच्या दुप्पट वजनाची साखर का, हे पचनाशी जोडलेलं आहे. घरची साखर आतड्याच्या कडेवर फुटते: निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज दुसऱ्या दाराने जातं आणि मीठ ओढत नाही. पंचवीसेक ग्रॅममधून कामाचे तेरा ग्रॅम उरतात. मीठ घातलेली भाताची पेजही याच तत्त्वावर चालते. स्टार्च हळूहळू फुटून ग्लुकोज देतो आणि द्रावण तीव्र होत नाही. बांगलादेशात 1980 नंतर ब्रॅक संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरून आयांना मूठभर गूळ आणि तीन बोटांची चिमूट मीठ शिकवत होत्या. आईला किती आठवतं यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे.

घरी बिघडतं ते बहुधा मापात. लिटरची पुडी एका पेल्यात ढवळली जाते, किंवा 'बाळाला अर्धीच' म्हणून फाडून उरलेली ठेवतात. लिटरची पुडी अख्खी लिटरभर पाण्यातच. छोटी, चारेक ग्रॅमची, 200 मिलीलिटरमध्ये. चोवीस तासांनंतर ते पाणी फेकायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलीलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने. मूल पाणीही पिऊ शकत नसेल, गुंगीत असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी वाट पाहू नये. अंगावरचं दूध सुरूच राहतं, आणि झिंक 10 ते 14 दिवस: सहा महिन्यांखाली रोज 10, पुढे रोज 20 मिलिग्रॅम.

दुकानात रंगीत खोक्यातलं गोड पेयही ओआरएसच्या नावाने विकलं जात होतं. त्यात साखर कितीतरी पट आणि मीठ नाममात्र असे. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली.