दोन स्टालिन, दोन अर्थ : समाजवादी वास्तववाद आणि सॉट्स आर्ट

पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या कलेचं प्रदर्शन बघताना एक गल्लत हमखास होते. या भिंतीवर स्टालिन, समोरच्या भिंतीवरही स्टालिन. दोन्हीकडे लाल पडदा, दोन्हीकडे कसलेला हात. ‘सगळी प्रचारचित्रंच’ असं म्हणून माणूस पुढे सरकतो. पण यातलं एक सरकारला हवं होतं म्हणून काढलेलं असतं आणि दुसरं, ज्यांना त्या सरकारने भिंत मिळू दिली नाही, त्यांनी काढलेलं असतं.

पहिला प्रकार समाजवादी वास्तववाद. एप्रिल १९३२च्या कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावाने कलावंतांचे आणि लेखकांचे स्वतंत्र गट मोडीत निघाले. १९३४ साली मॉस्कोत भरलेल्या लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात ही अधिकृत रीत ठरली आणि चित्रकारांनाही लागू झाली. यातलं चित्र वाचायला सोपं असतं, कारण तसंच ते हवं असे. ईसाक ब्रॉड्स्कीचं ‘स्मोल्नीतला लेनिन’ घ्या. लेनिन खुर्चीत वाकून कागदावर लिहितोय आणि समोरची खुर्ची रिकामी आहे. दोन्ही खुर्च्यांवर पांढरे अभ्रे, त्यांच्या चुण्यासुद्धा मन लावून रंगवलेल्या. ती रिकामी खुर्ची जणू बघणाऱ्यासाठीच ठेवली आहे. हे चित्र १९३० सालचं, म्हणजे सिद्धांत जाहीर होण्याच्या आधीचं. नमुना म्हणून ते नंतर मिरवलं गेलं. म्हणून ‘१९३४ नंतरचं तेवढंच समाजवादी वास्तववादी’ असा हिशेब करू नये.

दुसरा प्रकार सॉट्स आर्ट. ती १९७२ साली मॉस्कोत विताली कोमार आणि अलेक्सांद्र मेलामिद या चित्रकारांनी सुरू केली. नावातलं ‘सॉट्स’ समाजवादी वास्तववादाच्या रशियन नावातून आलं, ‘आर्ट’ पॉप आर्टमधून, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तू चित्राचा विषय करणाऱ्या कलेतून. त्यामागचा विचार साधा पण धारदार होता. अमेरिकेत जाहिराती माणसाला घेरतात, तशा इथे घोषणा घेरतात. मग चित्राचा विषय घोषणाच का नको? त्यांनी लाल कापडावर नेहमीची सरकारी घोषणा लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. कारखान्याच्या फाटकावर ती घोषणा कोणाचीच नसते. सही पडली की कोणीतरी ती बोलतंय असं होतं आणि ऐकणारा दचकतो. ‘आदर्श घोषणा’ या कामात तर अक्षरंच नाहीत. लाल कापडावर अक्षरांच्या जागी नुसते पांढरे चौकोन, शेवटी उद्गारचिन्ह. तरीही ती घोषणा आहे हे लांबूनच कळतं.

ओळखायचं कसं? कौशल्यावर जाऊ नका. कोमार-मेलामिद मॉस्कोच्या स्ट्रोगानोव्ह संस्थेत शिकले. सरकारी शैली त्यांच्या हातात पक्की बसलेली होती. नुसत्या सालावरही विसंबू नका, कारण १९७२ ते १९९१ दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी चालू होते. माहितीपट्टीवर साल आणि जागा जोडीने वाचा. त्यांचं ‘समाजवादी वास्तववादाचा उगम’ हे चित्र १९८२-८३चं. स्टालिन बसलाय आणि ग्रीक वेशातली एक स्त्री भिंतीवर पडलेली त्याची सावली रेखून घेते आहे. कोमार-मेलामिद १९७८पासून न्यूयॉर्कमध्ये राहत होते. तिथे स्टालिनचं चित्र काढवून घेणारं सरकारी खातं नव्हतं. तो त्यांनी स्वतःहून काढला, हाच पुरावा.

मग चित्रातली अक्षरं बघा. प्रचारफलकात मजकूर चित्राला साथ देतो. मॉस्कोचा चित्रकार एरिक बुलातोव्ह याच्या चित्रात तो वाट अडवतो. त्याच्या ‘क्षितिज’मध्ये (१९७१-७२) अक्षर एकही नाही, पण युक्ती तीच. साध्या कपड्यांतली पाठमोरी माणसं समुद्राकडे चालली आहेत आणि जिथे पाणी आणि आभाळ मिळायला हवं, तिथे कडेला सोनेरी रेघा असलेला लाल पट्टा आडवा पडलाय. ती लेनिन पदकाची, म्हणजे एका सोव्हिएत सरकारी सन्मानाची फीत. माणसं खोलात जातात, फीत सपाट राहते. आधी लांबून पाहा, समुद्राकडे नजर टाका, मग जवळ जा. नजर कुठे अडते ते आपोआप कळेल.

मांडणीही घात करते. भिंती लाल रंगवल्या, मधे खरे प्रचारफलक आणि पुतळे ठेवले, मागे कूचगीत लावलं की सॉट्स आर्ट त्यात विरघळून जाते. दोन्ही एकाच दालनात ठेवायची असतील तर काम कोणी करवून घेतलं आणि त्या वेळी ते कुठे टांगलं होतं, या दोन ओळी पट्टीवर हव्यातच. सॉट्स आर्टच्या बाबतीत दुसरं उत्तर बहुधा कोणाच्या तरी घराची खोली असं येतं. १५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या बेल्यायेवो भागात मोकळ्या मैदानावर अनधिकृत प्रदर्शन मांडलं गेलं, तर त्यावर बुलडोझर आणि पाण्याच्या गाड्या घातल्या गेल्या. कोमार-मेलामिदचं लेनिन-स्टालिनच्या धाटणीतलं दुहेरी आत्मचित्र त्यातच गेलं.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास बरीच मराठी घरं आहेत. तिथून जवळच न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाचं झिमर्ली संग्रहालय आहे. नॉर्टन आणि नॅन्सी डॉज यांनी जमवलेली सोव्हिएत काळातली अनधिकृत कला तिथे आहे, वीस हजारांहून जास्त कामं. तिथे उलटी चूक होते. सगळंच सॉट्स आर्ट वाटायला लागतं. त्यात अमूर्त चित्रं आहेत, धार्मिक विषय आहेत, एस्टोनिया-लाटव्हियासारख्या बाल्टिक प्रदेशांतल्या कलावंतांची कामं आहेत. त्यांतल्या पुष्कळांना लेनिनशी काही देणंघेणंच नव्हतं.