शाई, पाणी आणि कोकणची हवा: ऑफसेटच्या रोलरमागची पार्श्वभूमी

कोकणातल्या छापखान्यांना कामाचे हंगाम दोन. मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांची लेबलं, आणि ऐन पावसात गणपतीची पावतीपुस्तकं, आरत्यांच्या पुस्तिका. शाईची तक्रार दोन्ही वेळा येते. डबा बदलून पाहिला जातो, पण दोष बहुधा डब्यात नसतो.

ऑफसेट छपाई मुळातच पाण्यावर उभी आहे. आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शिळाछाप शोधला: ओला दगड चिकट शाई घेत नाही, तेलकट रेघ घेते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं. पुढे १९०४ च्या सुमारास अमेरिकेत आयरा रुबेलच्या मशीनवर एक कागद चुकला, छाप रबरावर पडली आणि पुढच्या कागदावर जास्त स्वच्छ उतरली. ब्लँकेटची, म्हणजे मधल्या रबरी पटाची, कल्पना कागदाच्या छपाईत रुजली ती तिथून. पत्र्यावर छापणारे ती आधीपासून वापरत होते.

रोलरची गोष्ट वेगळी. ट्रेडलवर (पायानं चालवायच्या जुन्या छपाई यंत्रावर) सरस-ग्लिसरिनचे रोलर चालत, पावसाळ्यात ते ओल पिऊन फुगत आणि शाई धरत नसत. शिळाछापात तर पाणी कायमचंच, म्हणून तिथे चामडी रोलर वापरत. ऑफसेटमध्ये रबर आलं, आज बहुतेक नायट्राइल हे कृत्रिम रबर. तेलाला ते टिकतं, पण काही थिनरांनी फुगतं. रॉकेलनं धुण्याची सवयही वाईट: मागे तेलकट थर राहतो आणि सकाळची पहिली शाई त्यावर घसरते.

डक्टमधली (शाईच्या टाकीतली) शाई ती उचलणाऱ्या डक्टर रोलरवरून आडव्या हलणाऱ्या धातूच्या रोलरांवर, तिथून प्लेटला शाई देणाऱ्या फॉर्म रोलरवर आणि मग प्लेटवर (मजकूर उमटवलेल्या धातूच्या पत्र्यावर) जाते. खरी भानगड त्या धातूच्या रोलरांची. उघडं पोलाद पाण्याला जवळ करतं. म्हणून त्यावर तांबं किंवा रिल्सान (एक प्रकारचं नायलॉन) चढवतात. तो थर झिजला, की पाणी तिथे बसतं, शाई सुटते आणि रोलरवर चकचकीत पट्टे दिसतात. फाउंटनमध्ये (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात) आम्ल किंवा गोंद जास्त झाला तरी हेच होतं. अशा वेळी शाई वाढवणं म्हणजे रोग सोडून औषधाचा डोस वाढवणं.

रबरी रोलरवर आणखी एक थर हळूहळू चढतो. कागदातला कॅल्शियम कार्बोनेट आणि गोंद मिळून रबर काचेसारखं गुळगुळीत होतं. साध्या वॉशनं तो जात नाही, कॅल्शियम काढणारं द्रावण लागतं. मॅपलिथोवर (लेप नसलेल्या साध्या छपाई कागदावर) सतत काम असेल तर ते आठवड्यातून एकदा वापरावं.

फाउंटनचा पीएच साधारण ४.८ ते ५.५. आधी नुसत्या पाण्याची चालकता (विरघळलेले क्षार किती ते सांगणारं माप) मोजावी, मगच फाउंटनचं द्रावण मिसळावं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्यातले क्लोराइड प्लेट आणि धातूचे रोलर दोन्ही गंजवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घालत असाल (बहुधा ८ ते १० टक्के), तर उकाड्यात ते उडून जातं, म्हणून प्रमाण सकाळचं धरून चालत नाही. उन्हाळ्यात शाईही पातळ होते आणि मोकळ्या जागेत रंगाची झाक चढते.

पावसात उलटं. शाई सुकत नाही, थप्पीत पाठीला डाग लागतात, कागद कडेनं लहरतो. ड्रायर (शाई लवकर सुकवणारं रसायन) वाढवण्याआधी पाणी कमी करून पाहावं. शाईत शिरलेलं पाणीच सुकणं लांबवतं. थप्पी लहान ठेवावी.

फॉर्म रोलर प्लेटला टेकल्यावर उमटणारी शाईची पट्टी ३ ते ५ मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकांना सारखी हवी. वीज गेली की आधी फॉर्म रोलर उचलावेत, मग प्लेटला गोंद लावावा. तसेच दाबून ठेवले तर रोलरला सपाट खूण पडते आणि दर फेरीला आडवी रेघ उमटते. रोलरचा कडकपणा शोर ए मापात नव्यापेक्षा १० अंकांनी वाढला, तर घासण्यात वेळ न घालवता रबर बदलून घ्यावं.