सहज वाचता न येणारी पोस्टरं

सायकेडेलिक कला म्हटलं की पहिलं नाव एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाचं निघतं. नशेत हात फिरला आणि चित्रं उमटली, असा सर्रास समज आहे. मला तो पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९६६-६७ मध्ये निघालेली पोस्टरं नीट पाहिली, तर त्यांच्यामागे छापखाना, ग्रंथालय आणि चित्रकलेचं रीतसर शिक्षणही दिसतं.

वेस विल्सन छापखान्यात काम करायचा. १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ त्याने अमेरिकी झेंड्यात नाझी स्वस्तिक दाखवणारं पोस्टर काढलं. पुढच्याच वर्षी तो फिलमोर सभागृहातल्या रॉक कार्यक्रमांची पोस्टरं करू लागला. त्याची अक्षरं आली व्हिएन्नाहून. आल्फ्रेड रोलर या चित्रकाराने १९०३ च्या एका प्रदर्शनासाठी अशी जाडजूड अक्षरं काढली होती, की प्रत्येक अक्षर फुगून आपला चौकोन भरून टाकतं आणि दोन अक्षरांमध्ये जेमतेम एक रेघ उरते. विल्सनने या अक्षरांना वळसे दिले. जुलै १९६६ च्या त्याच्या पोस्टरवर हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांचीच ज्वाळा उठते. कुणाचा कार्यक्रम, कधी, हे कळायला तिथे थांबावंच लागतं.

प्रतिसंस्कृतीशी, म्हणजे रूढ समाज आणि बाजार नाकारणाऱ्या तरुणांच्या चळवळीशी, या कलेचं नातं मला या थांबण्यातच दिसतं. जाहिरात धावत्या माणसालाही वाचता आली पाहिजे, हा बाजाराचा नियम. ही पोस्टरं घाईतल्या माणसाला दाद देत नाहीत. ज्याला वेळ आहे, कुतूहल आहे, त्याच्यासाठीच ती आहेत.

याच पोस्टरकारांपैकी व्हिक्टर मोस्कोसोने तर येल विद्यापीठात चित्रकार योझेफ आल्बर्सकडे रंगशास्त्र शिकलं होतं. परस्परविरोधी रंग सारख्याच तीव्रतेने शेजारी ठेवले, की त्यांच्या कडा डोळ्यांसमोर थरथरतात. शाळेत जे टाळायला शिकवलं, तेच त्याने मुद्दाम केलं. स्टॅन्ली माउस आणि अल्टन केली या पोस्टरकारांच्या जोडीला गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा सापडला तो सार्वजनिक ग्रंथालयात, उमर खय्यामच्या रुबायांच्या जुन्या सचित्र आवृत्तीत. त्यांनी तो ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या पोस्टरवर आणला.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने एलएसडीवर बंदी घातली. त्यानंतर १४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट पार्कमध्ये हजारो तरुण जमले. त्या मेळाव्याच्या एका पोस्टरवर कपाळी तिसरा डोळा असलेला भारतीय साधू आहे. भारताबद्दलची ओढ त्यात खरी होती. साधूच्या साधनेची ओळख मात्र बहुतेकांना वरवरचीच होती, असं मला वाटतं.

त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाने पोस्टरांच्या वेडावर मुखपृष्ठ केलं. खांबांवरून फुकट उचलून नेलेले कागद आता दुकानांत विकले जात होते. पैशांवरून विल्सनचं फिलमोरमध्ये कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमशी बिनसलं आणि त्याने ते काम सोडलं. मोस्कोसोने 'नीऑन रोझ' ही आपली मालिका स्वतःच प्रकाशित केली आणि हक्क स्वतःकडेच ठेवले.