रिसेप्टर न्यूक्लियसमध्ये जातो हे मान्य व्हायला एवढा वेळ का लागला

सोलापुरात विडी, मावा, तंबाखू यांचं काही नवल नाही आणि तोंडाच्या कॅन्सरचंही नाही, त्यामुळं ईजीएफआर (ईजीएफ या वाढीचा निरोप देणाऱ्या प्रोटीनला पकडणारा सेलवरचा रिसेप्टर) हा शब्द आता पेशंटच्या नातेवाइकांच्याही कानावर पडतो. इथल्या एमएस्सीच्या पोरांना त्याबद्दल विचारा, सगळी एकच आकृती काढतात, रिसेप्टर गेटवरच्या वॉचमनसारखा मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे सेलच्या बाहेरच्या पडद्यात, उभा, बाहेरून ईजीएफ येऊन चिकटलं की तो आत निरोप देणार आणि स्वतः जागचा हलणार नाही. आकृती चूक नाही ओ, पण अर्धी आहे, कारण हा रिसेप्टर न्यूक्लियसमध्ये, म्हणजे सेलच्या आतल्या डीएनए असलेल्या गाभ्यातही दिसलाय.

सुरुवात स्टॅनली कोहेनपासून. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर एरवी १२-१४ दिवसांनी उघडणारे डोळे आठवड्याभरातच उघडायला लागले, त्या अर्कातलं प्रोटीन म्हणजेच ईजीएफ, १९८६ चं नोबेल याच कामातून आलं. १९७६ मध्ये ग्रॅहम कार्पेंटर आणि कोहेननी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन लावलेलं ईजीएफ वापरून दाखवलं की सेल ते आत ओढून घेतो आणि लायसोसोममध्ये, म्हणजे सेलच्या मोडतोडीच्या पिशवीत, तोडून टाकतो. झालं, आत गेलं म्हणजे मोडीत गेलं हेच डोक्यात बसलं.

नव्वदीच्या दशकात लिव्हरच्या सेल्सच्या न्यूक्लियसमध्ये ईजीएफआर दिसल्याचे पेपर आले पण लोकांना पटेना, आणि शंका रास्तच होती. सेल फोडून कमी स्पीडला सेंट्रिफ्यूज केला की न्यूक्लियस तळाला बसतात, पण न्यूक्लियसचं बाहेरचं मेम्ब्रेन ईआरला (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, सेलमधलं प्रोटीन बनवणारं जाळं) सलग जोडलेलं असतं, म्हणजे ईआरमध्ये नुकताच तयार झालेला रिसेप्टर सोबत ओढला गेला तर तोच न्यूक्लियसमधला म्हणून मोजला जाणार. शिवाय मूळ अडचण वेगळीच, रिसेप्टरचा मधला भाग तेलकट, मेम्ब्रेनमध्ये रुतलेला, तो पाणथळ न्यूक्लियसमध्ये मोकळा राहणार कसा?

एक उत्तर नॉच नावाच्या दुसऱ्या एका रिसेप्टरनं दिलं. १९९८ मध्ये दिसलं की नॉच कापला जातो आणि आतला तुकडाच न्यूक्लियसमध्ये जातो, पुढच्याच वर्षी कापणाऱ्या कात्रीचा पत्ता लागला, प्रेसेनिलिन नावाचं प्रोटीन, जे अल्झायमरमुळं आधीच माहीत होतं. २००१ मध्ये त्याच कार्पेंटरच्या अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या लॅबनं ईजीएफआरच्या भावकीतला ईआरबीबी-४ पण असाच कापला जातो हे दाखवलं.

पण त्याच वर्षी ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधून मीन-ची हंग यांच्या ग्रुपनं म्हटलं की ईजीएफआर न कापता अख्खाच न्यूक्लियसमध्ये जातो आणि सेलची वाढ पुढं ढकलणाऱ्या सायक्लिन डी-१ जीनच्या प्रमोटरवर (जीन चालू-बंद करणाऱ्या भागावर) सापडतो. मग रस्ता शोधणं आलं: एंडोसोममधून (आत ओढलेला माल नेणारी पिशवी) गॉल्जी (सेलमधलं माल वाटणारं ठिकाण), तिथून उलटा ईआरकडं, सोबतीला न्यूक्लियसमध्ये माल नेणारं इम्पोर्टिन बीटा हे प्रोटीन. २००७ मध्ये कार्पेंटरच्या लॅबनं सांगितलं की सेक-६१ नावाचं चॅनेल त्याला मेम्ब्रेनमधून उपसून काढतं, हंग यांच्या ग्रुपनं नंतर म्हटलं की हे काम न्यूक्लियसच्या आतल्या मेम्ब्रेनवर होतं. माझं मत विचाराल तर कापण्याचा मार्ग पक्का आहे, अख्ख्या रिसेप्टरच्या बाबतीत मात्र न्यूक्लियसमध्ये पोचणारा वाटा फार थोडा, त्यामुळं वाद सहजी मिटणारा नाही.

दवाखान्याशी संबंध इथं येतो. सेटुक्सिमॅब ही अँटीबॉडी २००६ मध्ये अमेरिकेत डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली, ती रिसेप्टरला सेलच्या बाहेरून धरते. २००९ मध्ये लॅबमधल्या ज्या कॅन्सर सेल्स तिला दाद देईनात त्यांच्या न्यूक्लियसमध्ये ईजीएफआर जास्त सापडला, आणि तिथवर अँटीबॉडीचा हात पोचत नाही. हे लॅबमधलं झालं, पेशंटचं औषध अजून यावरून ठरत नाही, तेव्हा रिपोर्टमध्ये ते शोधत बसू नका.