कोल्ट नेव्ही १८५१ : खरं किती, खोटं किती, मोल किती

जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत सगळ्यात जास्त कोण उतरवत असेल, तर पॉलिश पेपर. पेटीतून वस्तू निघते, काळपट दिसते, आणि विकायच्या आधी जरा चकचकीत करू या असं घरात कुणाला तरी वाटतं. दहा मिनिटांत दीडशे वर्षांचा पुरावा पुसला जातो. तो पुरावा कसा वाचायचा हे समजून घ्यायला 'कोल्ट नेव्ही १८५१' हे मॉडेल सोयीचं आहे, कारण अस्सल नग भरपूर बनले आणि नकलाही भरपूर आहेत.

सॅम्युएल कोल्टच्या अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथल्या कारखान्यात १८५० ते १८७३ या काळात या मॉडेलचे सुमारे २,१५,००० नग तयार झाले. लंडनच्या पिम्लिको भागात १८५३ मध्ये सुरू झालेल्या शाखेत आणखी सुमारे ४२,००० बनले. कॅलिबर .३६, बार सहा, नळी अष्टकोनी आणि साडेसात इंच लांब, वजन साधारण १.२ किलो. यात काडतूस नसतं. सिलिंडरच्या प्रत्येक खणात पुढून काळी दारू भरायची, वर शिशाची गोळी दाबायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ खुंटीवर, तांब्याची स्फोटक कॅप बसवायची. सिलिंडरच्या वरून जाणारी फ्रेमची पट्टी या मॉडेलला नाही. नळी जागेवर धरून ठेवते ती फक्त एक आडवी पाचर. नेम धरायची मागची खाचही वेगळी नाही, ती हॅमरच्या, म्हणजे कॅपवर आपटणाऱ्या घोड्याच्या, टोकातच कोरलेली आहे, त्यामुळे हॅमर पूर्ण चढवल्याशिवाय दिसत नाही.

हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ते भरलेलं आहे का हे पाहणं. खणात कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटू शकते. निपलवर कॅप दिसली, तर हॅमरला हात न लावता शस्त्र जाणकाराकडे सोपवावं. कॅप नसतील तर हॅमर अर्धा चढवावा, म्हणजे सिलिंडर मोकळा फिरतो. मग नळीचं तोंड स्वतःकडे न वळवता, बाजूने, प्रत्येक खणात बारीक लाकडी काडी घालून खोली मोजावी. सहाही मापं सारखी आणि खणाच्या लांबीशी जुळणारी हवीत. एखाद्या खणात काडी कमी जात असेल तर तिथे गोळी अडकलेली आहे असं धरून चालावं.

खोलायचं झालंच तर पाचरीपलीकडे जाऊ नये. तेलाचे दोन थेंब सोडून एक-दोन दिवस थांबावं. मग उजव्या बाजूला दिसणारी पाचरीची स्प्रिंग दाबून नायलॉनच्या हातोडीने तिला डावीकडे हलकेच ठोकावं. ती सुटली की रॅमर, म्हणजे गोळी दाबायचा दांडा, दोन खणांच्या मधल्या भिंतीवर टेकेल असा सिलिंडर फिरवायचा आणि नळीखालची लोडिंग लिव्हर खाली ओढायची. नळी आपोआप पुढे सरकते. स्क्रूंना हात लावू नये. आपल्याकडचे साधे पेचकस टोकाला निमुळते असतात, जुन्या अरुंद खाचेत ते नीट बसत नाहीत आणि कडा फाटतात. फाटलेला स्क्रू पारखणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतो.

आता नंबर. रिव्हॉल्व्हर उलटं धरलं की नळीचा खालचा भाग, फ्रेम, ट्रिगरगार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) आणि मुठीची पट्टी यांवर एकच अनुक्रमांक ओळीने दिसायला हवा. तोच सिलिंडरवर आणि पाचरीवरही असतो. मूळ पाचर बऱ्याचदा हरवलेली असते, त्याचं फार मनावर घेऊ नये. सिलिंडरचा नंबर वेगळा निघाला तर मात्र मोल बरंच खाली येतं. नंबरावरून काळही कळतो. सुमारे ४,२०० पर्यंतच्या नगांचा ट्रिगरगार्ड मागच्या बाजूला चौकोनी असतो, त्यानंतर तो गोल आणि लहान, आणि ८५,००० च्या आसपास, म्हणजे १८५८ च्या सुमाराला, गोल आणि मोठा होतो. चौकोनी गार्डवाले नग दुर्मीळ म्हणून महाग. त्यामुळे पुढच्या काळातल्या नगाला चौकोनी गार्ड जोडण्याचे उद्योगही झाले आहेत.

नळीच्या माथ्यावर पत्ता असतो : बहुतेकांवर न्यूयॉर्कचा, काहींवर हार्टफर्डचा, तर लंडनच्या नगांवर 'ॲड्रेस कर्नल कोल्ट लंडन' असा. लंडनच्या नगांवर ब्रिटिश चाचणीचे मुकुटवाले शिक्केही असतात. त्यांचा ट्रिगरगार्ड सहसा लोखंडी, हार्टफर्डचा मात्र चांदीचा मुलामा दिलेला पितळी. पत्ता लंडनचा आणि मुकुट कुठेच नाही, असं दिसलं तर थबकायचं.

सिलिंडरभोवती १६ मे १८४३ च्या टेक्सास-मेक्सिको नौदल लढाईचं चित्र आहे. 'नेव्ही' हे नाव त्यावरूनच रूढ झालं. कडक पोलादी रोलरने दाबून उमटवलेलं हे चित्र उथळ असतं, त्यामुळे झिजतं तेही सगळ्यात आधी. नळीवरची निळाई, म्हणजे कारखान्यात चढवलेला निळा-काळा थर, पार उडालेली आणि सिलिंडरवरच्या जहाजांच्या दोऱ्या मात्र करकरीत, असा जोड निसर्गात जमत नाही. एक तर सिलिंडर बदललेला आहे किंवा चित्र नव्याने काढलेलं आहे.

पृष्ठभागाचं रसायनशास्त्र इथेच कामाला येतं. कोल्टच्या काळी लोखंडी भाग कोळशाबरोबर भट्टीत तापवून त्यावर काळ्या लोह-ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा, पातळ थर आणत. हाच निळा रंग. हाताळणीने तो विरळ होतो आणि उघड्या लोखंडावर सावकाश तपकिरी-करडी छटा चढते. फ्रेम आणि हॅमर हाडाच्या व चामड्याच्या कोळशात पुरून लाल होईपर्यंत तापवत आणि एकदम पाण्यात बुडवत. कार्बन शिरून वरचा थर कडक होई आणि त्यावर निळे-तपकिरी ढगाळ पट्टे उमटत. उजेडाने आणि हाताने ते फिके पडून करडे होतात. विसाव्या शतकात क्षारांच्या उकळत्या द्रावणातलं ब्लूइंग रूढ झालं. ते एकसारखं, गडद काळं दिसतं.

म्हणून गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी पाहायचं. दहापट भिंग आणि तिरका उजेड पुरतो. गंज आधी लागला आणि निळाई नंतर चढली, असं असेल तर खड्ड्याच्या तळाशीही निळं-काळं दिसतं, आणि ती पुन्हा रंगवल्याची मोठी खूण असते, पण एवढ्यावरच ते सिद्ध होत नाही. पॉलिश झालेल्या वस्तूची आणखी खूण म्हणजे अष्टकोनी नळीच्या कडा गोलावतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो आणि पत्त्याची अक्षरं एका बाजूला पुसट होतात. अस्सल झीज जिथे हात आणि चामड्याचं म्यान घासतं तिथे होते : नळीचं तोंड, सिलिंडरच्या कडा, मुठीची पट्टी. मूळ निळाई उरते ती आडोशाला, म्हणजे लोडिंग लिव्हरच्या मागे किंवा फ्रेमच्या कोपऱ्यात. उलट दिसलं तर काहीतरी शिजलं आहे.

निपलभोवतीचे खड्डे हा तर वापराचा दाखलाच. कॅपमध्ये मर्क्युरी फल्मिनेटबरोबर पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि हा क्षार ओल धरून लोखंड खातो. शिवाय काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राख म्हणून मागे राहतो. बाहेरून 'लढाईत वापरलेलं' दिसणाऱ्या नगाच्या निपलचे खळगे कोरे करकरीत असतील, तर जुनेपण बाटलीतल्या आम्लातून आलं असण्याची शक्यता मोठी.

नकलांची गोष्ट १९५० च्या दशकाअखेर सुरू होते. इटलीतल्या या प्रतींवर गार्दोनेच्या चाचणीगृहाचे शिक्के आणि बऱ्याचदा फक्त काळी दारू वापरण्याची सूचना असते. फसवणारा ते घासून काढतो, पण तिथे पोलादाची सपाटी मोडते. सरळ पट्टी लावून मागे उजेड धरला की फट दिसते. घासलेले आकडेही पूर्ण मरत नाहीत, कारण ठशाच्या दाबाने खालचे धातूचे कण वेडेवाकडे झालेले असतात आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा रसायन लावून तो भाग पुन्हा उठवू शकते. घरी हा प्रयोग करू नये.

सगळ्यात मोठा चकवा मात्र खुद्द कोल्टच्या नावाचा आहे. १९७१ मध्ये कंपनीने हेच मॉडेल पुन्हा काढलं आणि क्रमांक ४२०१ पासून चालू केले. म्हणजे हाच आकडा १८५० च्या दशकातल्या नगावरही आहे. नुसत्या नंबराच्या तक्त्यावर विसंबणारा इथे हमखास आपटतो.

किमतीसाठी अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनची प्रतवारी जगभर चालते. सर्व भाग मूळ आणि ८० टक्क्यांहून अधिक मूळ निळाई म्हणजे 'एक्सलंट', ३० टक्क्यांहून अधिक म्हणजे 'फाइन', आणि त्याखाली अगदी शून्यापर्यंत 'व्हेरी गुड'. म्हणजे निळाई अजिबात नसली तरी भाग मूळ असतील तर वस्तू 'व्हेरी गुड' ठरते. पुन्हा निळाई चढवलेली किंवा घासून साफ केलेली वस्तू मात्र 'गुड'मध्ये घसरते. पॉलिश पेपरचा खर्च तो हाच.

कोणाची होती, याला कागद असेल तरच भाव. अमेरिकेतला कुख्यात गुंड बिली द किड याला ज्याने मारलं ते शेरीफ पॅट गॅरेटचं कोल्ट २०२१ मध्ये साठ लाख डॉलरांवर गेलं, ते सलग कागदपत्रांमुळे. कोल्ट कंपनी जुन्या नोंदींवरून पत्र देते, पण फेब्रुवारी १८६४ च्या हार्टफर्ड कारखान्यातल्या आगीनंतर या मॉडेलच्या थोड्याच नोंदी उरल्या आहेत.

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं बंदूक-पिस्तूल 'अँटिक' धरलं जातं. भारतात तसं वर्ष नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ ची सूट फक्त दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या शस्त्राला आहे. त्यामुळे आजोबांच्या पेटीतलं चालू स्थितीतलं कॅपवालं रिव्हॉल्व्हरही परवान्याखाली येतं. नंबर घासणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावाला सहजासहजी पाठवता येत नाही. तिथले भाव पाहून इथल्या वस्तूची किंमत धरली, तर हिशेब चुकणारच.