सेव्हेरस घराण्याचा ऑरियस

ऑरियस हे प्राचीन रोमचे प्रमुख सुवर्णनाणे. एका ऑरियसची किंमत २५ दिनारियस या चांदीच्या नाण्यांइतकी, म्हणजेच १०० सेस्टर्शियस या पितळी नाण्यांइतकी असे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याने इ. स. २०२ च्या सुमारास पाडलेला ऑरियस रोमन नाणेकलेतील उत्कृष्ट नमुन्यांत मोडतो. त्याच्या दर्शनी बाजूवर दाढीधारी सम्राट आहे. मागच्या बाजूवर मधोमध सम्राज्ञी ज्युलिया डोम्ना आणि तिच्या दोन अंगांना एकमेकांकडे तोंड केलेले दोन मुलगे, कॅराकॅला व गेटा. भोवती ‘फेलिसितास सेकुली’, म्हणजे ‘युगाचे सौख्य’, असा लेख. रोमन नाण्यांवर चेहरे बहुधा एका बाजूने दाखवीत. इथे ज्युलिया थेट समोर पाहते. जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासात चार माणसे ओळखू यावीत इतके कोरीव काम साधणाऱ्या कारागिराचे कौतुक करावे तेवढे थोडे.

हे कुटुंबचित्र कोरण्यामागे राजकीय गरज होती. सेव्हेरस उत्तर आफ्रिकेतील लेप्टिस माग्ना (आजच्या लिबियात) येथला, तर ज्युलिया सीरियातील एमेसाच्या सूर्यपूजक पुरोहिताची मुलगी. १९३ मध्ये राजरक्षक सैनिकांनी सम्राट पर्टिनॅक्सचा खून करून सम्राटपद चक्क लिलावात काढले, तेव्हा डॅन्यूबकाठच्या फौजांनी सेव्हेरसला सम्राट घोषित केले. प्रतिस्पर्ध्यांचा बीमोड व्हायला १९७ साल उजाडले. राजवंशाचा वारसा नसल्याने त्याने स्वतःला पूर्वीचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचा दत्तक पुत्र म्हणवले आणि पुढची पिढी तयार असल्याची ग्वाही नाण्यांवरून दिली.

राज्यारोहणाच्या दशकपूर्तीच्या सोहळ्यात त्याने राजरक्षक सैनिकांना आणि सरकारी धान्याचे हक्कदार असलेल्या नागरिकांना माणशी दहा ऑरियस वाटले. इतिहासकार कॅसियस डिओ या वाटपाचा खर्च २० कोटी सेस्टर्शियस सांगतो. सैन्याच्या वाढत्या पगारापायी दिनारियसमधील चांदी मात्र निम्म्यावर आली होती. सोन्याचा कस त्याने राखला.

सेव्हेरस २११ मध्ये ब्रिटनमधील एबोराकम (आजचे यॉर्क) येथे वारला. दोन्ही भावांनी मिळून राज्य करावे ही त्याची व्यवस्था वर्षभरही टिकली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅराकॅलाने गेटाला मारवले. डिओच्या म्हणण्याप्रमाणे आईच्या मिठीत. मग गेटाचे नाव शिलालेखांतून खोडले गेले आणि त्याची छबी असलेली नाणीही वितळवली गेली, असे डिओ लिहितो. म्हणून आज हाती असलेला असा प्रत्येक ऑरियस मोलाचा पुरावा आहे: वडिलांनी मांडलेला आणि मुलाने पुसू पाहिलेला इतिहास त्यात एकत्र सापडतो.

सोन्याला हात लावला तो कॅराकॅलाने. नीरोच्या काळापासून एका रोमन पौंडाचे ४५ ऑरियस पाडत; २१५ च्या सुमारास त्याने ते ५० केले. त्यामुळे नाणे सुमारे ७.२ ग्रॅमवरून ६.५ ग्रॅमवर आले. २१७ मध्ये त्याचा खून झाला. त्यानंतर ज्युलियाची बहीण ज्युलिया मीसा हिने आपले नातू एलागाबालस (२१८–२२२) आणि सेव्हेरस अलेक्झांडर (२२२–२३५) यांना गादीवर बसवून घराणे सावरले. अलेक्झांडरला ऱ्हाईनकाठी त्याच्याच सैनिकांनी ठार केले. पुढच्या अर्धशतकात सम्राट झपाट्याने बदलत गेले आणि ऑरियसचे वजनही स्थिर राहिले नाही. अखेर चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने पौंडाला ७२ या प्रमाणात पाडलेल्या सॉलिडस या सुवर्णनाण्याने ऑरियसची जागा घेतली.