वावर कोणाच्या नावावर?

सरकी टोबायची बायांनी, निंदायचं बायांनी, वेचायचंही बायांनी. कापसाच्या पहिल्या वेचणीला वऱ्हाडात सीतादहीची पूजा होते, तीही त्याच करतात. पण तलाठ्याकडून वावराचा, म्हणजे शेताचा, सातबारा काढून आणला की त्यावर बापे माणसं. बाईचं नाव असलंच तर बऱ्याचदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. स्त्रीवादी विचार १९७५ नंतर पुण्या-मुंबईहून गावात आला, असं सर्रास बोललं जातं. विदर्भापुरतं हे सालवारीतच चुकतं.

सुरुवात बुलढाण्यापासून करावी लागते. ताराबाई शिंदे तिथल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा सौम्य झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी बाईच्या जातीवर जे तोंडसुख घेतलं, त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ निघालं. प्रती पाचशे. ताराबाई दया मागत नाहीत, उलट हिशोब विचारतात : जो दोष बाईचा म्हणून सांगता, तो पुरुषात नाही का? पुनर्विवाहाची बंदी तिलाच का? जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं, ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणेपर्यंत. म्हणजे ज्या साली स्त्रीमुक्ती ‘आली’ म्हणतात, त्या साली बुलढाण्याची बाई अडगळीतून बाहेर आली.

यानंतरचा टप्पा दुसऱ्या महायुद्धातला. या भागावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे १९४२ म्हटलं की ‘चले जाव’ एवढंच आठवतं. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या आणि बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. समाजाची प्रगती मी त्यातल्या बायांच्या प्रगतीवरून मोजतो, हा त्यांचा प्रसिद्ध विचार याच सभेतला. बायकोने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण व्हावं, दासी नव्हे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. पण माझ्या मते भाषणापेक्षा ठराव अधिक बोलके आहेत. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याला कायद्याने बंदी हवी, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा, नुकसानभरपाई आणि पेन्शन हवी, त्यांच्यावर देखरेखीला बाईच हवी, कायदेमंडळात जागा हव्यात. लग्न आणि मजुरी एकाच कागदावर! संततिनियमनाचा विषयही अध्यक्षीय भाषणातून आला. युद्ध संपल्यावर देश कसा उभारायचा याच्या समित्या दिल्लीत अजून नीट बसायच्या होत्या, तेव्हा ही यादी तयार होती.

चारच आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, ‘चले जाव’च्या उठावात चंद्रपूरकडचं चिमूर पेटलं. नंतर आलेल्या फौजेने बायांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. चौकशीसाठी गांधींचे अनुयायी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. त्याची सुरुवात दिल्लीत व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसलेल्या, मूळ वणीच्या बापूजी अण्यांच्या दारातून झाली. उपासाचं मोल कमी नाही. तरी एक खटकतं. नागपुरात जी बाई कामगार म्हणून बोलली, ती महिन्याभरात राजकारणात ‘अब्रू’ होऊन गेली आणि बोलणारे दुसरेच झाले.

युद्धाने बाईला कामावर कसं ओढलं, याचं ठळक उदाहरण कोळशाच्या खाणी. बायांना जमिनीखाली उतरवायला मनाई होती. कोळसा कमी पडू लागला तशी १९४३ मध्ये ती उठवली गेली आणि त्यात मध्य प्रांतातल्या खाणीही आल्या. मजूरमंत्री होते आंबेडकर. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यांना या निर्णयाचं समर्थन करावं लागलं आणि ते करताना अडचण त्यांनी लपवली नाही. मात्र या बायांना पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच मान्य झाल्याकडे त्यांनी लक्ष वेधलं. १९४६ मध्ये मनाई परत लागू झाली. समान मजुरी मिळाली ती अशी, खाणीत आणि तात्पुरती.

युद्धोत्तर पुनर्रचनेच्या त्या काळात जगभर बायांच्या हाती मत आलं. फ्रान्समध्ये त्यांनी पहिलं मतदान केलं १९४५ मध्ये, जपानमध्ये १९४६ मध्ये. आपल्याकडे काही मोजक्या बायांना मत आधीही होतं, पण सगळ्या प्रौढ बायांनी मतदान केलं ते १९५१-५२ मध्ये. त्या पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख बायांची नावं वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच लिहवलं. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या. पण आपल्याकडेही जुन्या बुढ्या नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायच्या आणि स्वतःचं कोणी विचारायचं नाही.

मालमत्तेचं गाडं याहून हळू चाललं. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत मर्यादित वाटा दिला, तर १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. जमीन हा प्रांतांचा विषय. जिथे सगळी इस्टेट म्हणजे वावर, तिथे मग राहिलं काय? पुढे प्रांतांना आपापले कायदे करावे लागले. कायद्यातला हा घोळ निस्तरायला बी. एन. राव समिती बसली. तिने नागपूरलाही साक्षी घेतल्या. त्यातून लग्न-वारशाचे कायदे एकत्र आणणारं हिंदू कोड बिल उभं राहिलं, रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्री आंबेडकरांनी राजीनामा दिला. शेवटी बिलाचे तुकडे करून कायदे झाले. वारसा कायदा आला जून १९५६ मध्ये. त्याच ऑक्टोबरात नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि नोव्हेंबरात विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्या गडबडीत गावात कोणाच्या लक्षात आलं असेल की वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क अजूनही फक्त मुलग्यांनाच आहे?

मुलींना तो महाराष्ट्रात मिळाला १९९४ मध्ये, देशभर २००५ मध्ये. मधल्या काळात शेतकरी संघटनेने वेगळी वाट धरली. १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मांडली : घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीचं सीतेचं देऊळ संघटनेने याच विचाराशी जोडलं. तिथे सीता एकटी आहे, राम नाही. टाकलेल्या सीतेने मूठभर गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिथे गहू पिकेना, अशी कथा सांगतात. कल्पना मोठीच. पण नागपूरच्या ठरावांत जे हक्क म्हणून मागितलं होतं, ते इथे नवऱ्याच्या कृतज्ञतेवर आलं. शिवाय मंडपात हात वर करणं सोपं, फेरफार पडणं, म्हणजे नोंदीत तिचं नाव चढणं, अवघड. नवरा आत्महत्या करून गेला आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असली, की मदतीच्या अर्जाला सातबारा कुठून जोडायचा, हे त्या घरच्या बाईला विचारावं.

२००५ नंतर कायद्यात फारशी उणीव उरली नाही. आता काम होतं ते हक्कसोडीने, म्हणजे बहिणीने आपला वाटा सोडल्याच्या सहीने. म्हातारा गेला की तेरवीनंतर कधीतरी भाऊ फोन करतो, ताई, तहसीलला एक सही लागते. ती येते. भाऊ लुगडं-चोळी करतो, जाताना डब्यात शेवया देतो. सही नाही म्हटली तर पुढच्या अखाजीला माहेरचं बोलावणं येईल का, याचा हिशोब तिने येताना एसटीतच करून ठेवलेला असतो.